साडभाऊंचा नमस्कार

देवाने पाठीचा कणा सगळ्यांनाच दिला, पण तो कसा वापरायचा हे नीट विचारून घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्यांची, धाकटी माझी. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात, म्हणून मी त्यांना साडभाऊ म्हणे, आणि सात-आठ वर्षांनी मोठे असूनही तेही मला साडभाऊच म्हणत. चकलांब्याच्या रस्त्याने ते चालत येऊ लागले की फार लांबून ओळखू येत. बाकीची माणसं चालताना थोडी पुढे कललेली असतात, पायांच्या आधी डोकं घरी पोचवायचं असल्यासारखी. साडभाऊ मात्र कुणीतरी शेंडीला दोरी बांधून वरून धरल्यासारखे येत. वावटळ उठली तरी मान खाली नाही. एकदा अशाच धुळीत ते सरळ समोरून येणाऱ्या बैलावर जाऊन आदळले. गाडीवान ओरडला, "खाली बगून चाला की पाव्हनं!" साडभाऊ कपाळ चोळत म्हणाले, "बैल तुमी म्होरून आनता, अन् मी खाली कावून बगू?"

त्यांची माझी पहिली भेट माझं लग्न ठरताना झाली. मुलगी बघायला मी गेलो होतो, पण बघितलं गेलं मला. चहापाणी झालं, मुलगी आत गेली, आणि भिंतीजवळ पण भिंतीला न टेकता बसलेले हे गृहस्थ म्हणाले, "पाव्हनं, जरा त्या दारापस्तोर जाऊन परत या बरं." मुलगा लंगडतो की काय हे बघायची पद्धत तेव्हा होती, म्हणून मी निमूटपणे गेलो आणि आलो. तेवढ्यात त्यांनी खिशातून ओळंबा काढला. भिंत सरळ चढते आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतात, तो ओळंबा. कुणा गवंडी मित्राने दिलेला तो ते कायम जवळ बाळगत. त्यांनी तो माझ्या कानाशेजारी सोडला, एक डोळा मिटला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर निकाल दिला, "कान, खांदा अन् घोटा एका रेषेत पायजे. पोराचा कान दोन बोटं पुढं हाय." सासरे घाबरले. "म्हंजी? रोगबिग हाय का काई?" साडभाऊ दोरी गुंडाळत म्हणाले, "रोग न्हाई. कारकून व्हईल." लग्न ठरलं, आणि मी कारकूनच झालो.

पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला लोक कचरत. त्यांचा नियम असा की, "घास तोंडाकडं यावा. तोंड घासाकडं जनावराचं जातं." त्यामुळे वरणभाताचा घास पत्रावळीपासून तोंडापर्यंत हातभर सरळ वर चढायचा आणि वाटेत निम्मा सदऱ्यावर उतरायचा. अक्का, म्हणजे त्यांची बायको, धुणं धुताना म्हणायची, "ह्यांचा सदरा बगितला की लग्नात काय काय वाढलतं ते विचारावं लागत न्हाई." नवरीला ते आशीर्वाद देत तोही असा, "सुखी ऱ्हा, अन् घागर कमरंवर घिऊ नको, डोक्यावर घे." दुपारी कुणाच्या घरी आडवे झाले तर आधी उशी काढून बाजूला ठेवायचे, आणि शेजारी पाहुणा झोपला असेल तर त्याचीही काढायचे.

एसटीत त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही तर शिक्षाच. बीडहून गेवराईकडे येताना एकदा त्यांच्या शेजारचे म्हातारबुवा झोपले आणि त्यांची मान छातीवर पडली. साडभाऊंना ते बघवेना. त्यांनी दोनदा हळूच हनुवटी वर केली, ती दोन्ही वेळा परत पडली. तिसऱ्या वेळी त्यांनी मागून मानेला हात लावून ती सरळ धरूनच ठेवली. म्हातारबुवा जागे झाले, गळ्याशी अनोळखी हात बघून किंचाळले, "आरं, मारतंय मला! कंडक्टर!" गाडी थांबली.

"काय करत व्हता बे?" कंडक्टरने विचारलं.

"मान सांभाळत व्हतो."

"कुनाची?"

"ह्यांची."

"त्यांनी सांगितलतं का?"

"ते झोपलते," साडभाऊ म्हणाले. "झोपलेला मानूस कसा सांगंल?"

आम्हा दोघांना एका फाट्यावर उतरवून गाडी गेली. पुढचे चार कोस आम्ही पायी आलो, आणि त्यातले दोन कोस ते मला पाऊल टाकताना टाच आधी टेकवावी की बोटं, हे समजावत होते.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला उरलेल्या दोन कोसांत सांगितलं. त्यांचे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. पोती वाहून वाहून चाळिशीतच ते कमरेत वाकले, आणि पुढेपुढे इतके, की उभे असले तरी समोरच्याचे फक्त पाय दिसत. गावातली माणसं ते पायताणावरून ओळखत. पाटलाच्या जोड्यांना लाल गोंडे होते, ते दिसले की "राम राम पाटील" म्हणायचे. एकदा पाटलाने ते जोडे गड्याला देऊन टाकले, तर म्हातारा महिनाभर गड्यालाच राम राम पाटील म्हणत राहिला, आणि गडीही ऐटीत तो राम राम घेत राहिला. हे सांगताना साडभाऊ पोट धरून हसले. मग एका लिंबाखाली आम्ही थांबलो तेव्हा म्हणाले, "माझ्या बापानं शेवटची दहा वर्सं आभाळ बगितलं न्हाई, साडभाऊ. पाऊस आलेला त्याला पाठीवरून कळायचा."

कमरेतून वाकायचं नाही, ही त्यांनी शपथच घेतली होती. खाली पडलेली काडेपेटीतली काडी उचलायची असो की धान्याचं पोतं, रीत एकच. पाय खांद्याइतके फाकवायचे, पाठ भिंतीसारखी ठेवायची, गुडघ्यात मोडत सरळ खाली जायचं, वस्तू पोटाशी घ्यायची आणि "हूं" असा श्वास सोडत सरळ वर यायचं. विहिरीतून बादली निघावी तसे ते निघायचे. थोरामोठ्यांच्या पायाही असेच पडत. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंच्या पाया पडले तेव्हा सासूबाई "अगं बया, जावायाला भोवळ आली" म्हणून पाणी आणायला धावल्या होत्या. नारायणगडावर दर्शनाच्या रांगेत त्यांच्यामागे हमखास गोंधळ व्हायचा. पुढचा माणूस ओणवा होईल या अंदाजाने मागचा सरकायचा, हे खुंटीसारखे सरळ खाली जायचे, आणि मागचा त्यांच्या डोक्यावरून थेट देवापुढे. एकदा एक म्हातारी अशीच त्यांच्या खांद्यावर येऊन आपटली आणि म्हणाली, "मेल्या, देवापुढं बैठका काढतो का?" साडभाऊ हात जोडून म्हणाले, "मावशे, देवानं दिलेली पाठ देवापुढंच मोडू व्हय?" देव असो, सासू असो, की शाळेतले म्हातारे मास्तर असोत, त्यांचा नमस्कार हाच. हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं, कारण माझं पुढचं सगळं सांगणं यावरच उभं आहे.

इथवर लिहायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. हे किस्से मी पन्नास वर्षं लग्नाकार्यांत सांगत आलो आहे आणि लोक हसत आले आहेत. पुढचं मात्र कधी सांगितलं नाही. काल दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठून अंगणात येरझारा घालून आलो. आज बसलोच आहे तर सांगून टाकतो.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं आणि ते आमच्या मजूर सहकारी सोसायटीकडे आलं. विहिरी तळाला गेलेल्या, जनावरं विकलेली. माणसं परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि सरकारी सुकडी खाऊन दिवसभर माती वाहत होती. कामावर हजेरी घ्यायला मी होतो, आणि देखरेख साडभाऊंकडे आली. पुरुष खोदायचे, बायका पाटीत माती भरून डोक्यावर घ्यायच्या आणि भरावावर नेऊन टाकायच्या. पहिल्याच सकाळी साडभाऊ एका दगडावर चढले, गळ्यातली शिट्टी फुंकली आणि म्हणाले, "आयाबायांनो, पाटी कमरंतून उचलू नका. बूड खाली, पाठ ताठ, पाटी पोटाशी, अन् हूं!" आणि करून दाखवलं. बायकांनी पदर तोंडात धरले. त्यांच्यात गोदाबाई नावाची एक फटकळ बाई होती. ती म्हणाली, "मास्तर, घरी बी समदं असंच उचलायचं का?"

"समदं."

"नवरा बी?"

"त्यो लई जड असंल," साडभाऊ अगदी गंभीरपणे म्हणाले, "तर दोघीजणी लागा."

त्या दिवसापासून बायका त्यांच्या झाल्या. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. बाईची पाठ नेमकी कधी जाते हे त्यांनी आठवडाभर नुसतं बघितलं. भरलेली पाटी जमिनीवरून डोक्यावर घेताना जाते, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या हातांनी दगड रचून, त्यांनी मांडीइतक्या उंचीचे तीन ओटे बांधले. रिकामी पाटी ओट्यावर ठेवायची, तिथेच भरायची, तिथूनच डोक्यावर घ्यायची. वाकायचं कारणच नाही. इतकी साधी गोष्ट, पण पिढ्यान्‌पिढ्या माती वाहणाऱ्या माणसांना ती कुणी करून दिली नव्हती.

शिवाय दिवसातून तीनदा शिट्टी व्हायची. शिट्टी झाली की सगळ्यांनी हातातलं खाली ठेवून ताठ उभं राहायचं, खांदे मागे घ्यायचे, आणि दहा श्वास आभाळाकडे बघायचं. पलीकडे खडी फोडायचं काम चालू होतं. तिथल्या लोकांनी हे लांबून पाहिलं आणि बोभाटा झाला, की तलावावरची माणसं दिवसातून तीनदा पाऊस मागतात. आठ दिवसांत खडीवरचे लोकही आमच्या शिट्टीवर आभाळाकडे बघू लागले. एक म्हातारा नारळ घेऊन आला आणि साडभाऊंना म्हणाला, "म्हाराज, मंतर कोन्ता म्हनायचा?"

"मंतर न्हाई बाबा. खांदे मागं घ्या."

म्हाताऱ्याने तिथेच खांदे मागे घेतले आणि त्याच अवस्थेत नारळ फोडला. पाऊस काही आला नाही. पण एक झालं. संध्याकाळी घरी परतताना बायका कमरेवर हात दाबून चालायच्या, ते हळूहळू थांबलं. गोदाबाई हजेरीच्या वेळी मला म्हणाली, "भाऊ, पोट भरत न्हाई, पर झोप लागती बगा आता. पाठ रडत न्हाई."

त्याच सुमारास सोसायटीला कायमचा सचिव नेमायचा होता. दोन नावं होती, साडभाऊंचं आणि माझं. ज्याने काम पाहिलं असतं त्याने त्यांचंच नाव घेतलं असतं, हे मलाही कळत होतं. त्यांना ती जागा कशाला हवी होती तेही मला ठाऊक होतं. एका दुपारी ओट्यावर हात फिरवत ते म्हणाले होते, "सचिव झालो की सोसायटीच्या समद्या कामांवर आधी ओटे, मंग पाट्या. कागदच तसा काडायचा, साडभाऊ." मला ती जागा हवी होती, कारण घरात दुसरं मूल येणार होतं आणि रानात कुसळही उरलं नव्हतं. दोन्ही कारणं खरी होती. त्यांचं जास्त मोठं होतं.

नेमणूक चेअरमनसाहेबांच्या हातात होती. ते मोठे जमीनदार, भागातले पुढारी. माणूस वाईट नव्हता, पण माणसं पारखायची त्यांची एक रीत होती. खुर्चीत बसायचे, पाय थोडे पुढे सोडायचे, आणि कोण किती वाकतो ते बघायचे. आमच्याकडे तेव्हा माणूस कुणाचा हे वाकण्यावरून ठरायचं. गुडघ्याला हात लावून उठला तर तो दुसऱ्या गटाचा. घोट्यापर्यंत पोचला तर कुंपणावरचा. अंगठ्याला कपाळ टेकवलं तर आपला. निवडणुकीच्या आधी मतदार याद्या चाळण्यापेक्षा साहेब एखाद्या लग्नात तासभर खुर्ची टाकून बसत, आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुके.

ते जीपमधून तलाव बघायला आले. भरावावर खुर्ची मांडली, पाय पुढे आले, आणि एकेक जण जाऊन पाया पडू लागला. मी अंगठ्याला कपाळ टेकवलं आणि लागलेली माती पुसली नाही. माझ्यामागून साडभाऊ आले. खुर्चीसमोर थांबले, पाय खांद्याइतके फाकवले, पाठ भिंतीसारखी केली, आणि गुडघ्यात मोडत सरळ खाली गेले. दोन्ही हातांनी साहेबांचे पाय धरले आणि डोळे मिटले. माझ्यापेक्षा जास्त वेळ धरले, हे मी शपथेवर सांगतो. मग "हूं" करून वर आले.

खाली ओट्यांपाशी बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. ओटे होईपर्यंत त्यांनी नेमकी याच रीतीने माती उचलली होती. गोदाबाईच्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, चेरमन उचलू नका, लई जड हाईत!"

सगळा तलाव हसला. खोदणारे पुरुष कुदळीला धरून हसले, जीपचा ड्रायव्हर पाठ फिरवून हसला. चेअरमनसाहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि पाय त्यांनी खुर्चीखाली ओढून घेतले. साडभाऊंना काय घडलं ते समजलंच नाही. बायका आनंदात आहेत एवढंच त्यांना दिसलं, म्हणून तेही मान वर करून मनमोकळं हसले. ते हसले नसते तर कदाचित निभावलं असतं.

दुपारी राहुटीत चहा झाला. आत साहेब आणि मी, दोघेच होतो. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ते तुमचे साडू ना?"

"हो, साहेब."

"आमची टिंगल केली का त्यांनी?"

सासूबाईंची भोवळ सांगता आली असती. नारायणगडची म्हातारी सांगता आली असती. म्हाताऱ्या हमालाची गोष्ट सांगितली असती तर साहेबांचे डोळे भरले असते. तेवढं मन त्यांना होतं. आणि मला किस्सा सांगता येत नाही असं तर कुणीच म्हणणार नाही. मी म्हणालो, "ताठ आहेत ते, साहेब."

एवढंच. शब्द अगदी खरा होता. पण आपल्या भाषेत त्याचे दोन अर्थ होतात, एक पाठीचा आणि एक मनाचा, आणि साहेब त्यातला कोणता घेतील हे मला तोंड उघडायच्या आधीच माहीत होतं.

"असं होय," ते म्हणाले आणि चहा प्यायले. मीही प्यायलो.

आठ दिवसांत साडभाऊंची देखरेख गेली. कारण कुणी दिलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मी सचिव झालो. नवा देखरेखवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "हे ओटे कावून बांधलेत इथं? रस्ता अडवायलेत." ओटे फोडून त्यांचे दगड भरावाला लावले. तसा कागद निघाला, आणि त्यावर सही माझी आहे. ओटे फुटत असताना गोदाबाई पाटी घेऊन बाजूला उभी होती. मला म्हणाली, "भाऊ, तुमी सांगा की त्यांला." मी म्हणालो, "वरून हुकूम आहे." वर कोण होतं? वर मीच होतो.

साडभाऊ मोंढ्यात हमालीला लागले. ज्या मोंढ्यात बापाची पाठ गेली त्याच मोंढ्यात. भागात एक वाक्य तयार झालं, आणि ते अजून म्हातारी माणसं म्हणतात: "लई ताठा व्हता गड्याला. चेरमनपुढं वाकला न्हाई, म्हून पोत्याखाली वाकला." हे मी न्हाव्याच्या दुकानात ऐकलं, सोसायटीच्या सभेत ऐकलं, माझ्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात ऐकलं, आणि एकदाही "तसं नव्हतं" म्हणालो नाही. उलट मीच किस्से सांगायचो. लोकांना वाटायचं, बघा, साडवाचं किती प्रेम.

आणि ते पोत्याखालीही वाकले नव्हतेच. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन ते असे चालायचे की व्यापाऱ्यांना वाटे पोत्यात कापूस आहे. साठीपर्यंत हमाली केली. दर दिवाळीला आमच्याकडे यायचे, आल्याबरोबर माझ्या खांद्यांच्या मधोमध अंगठा रुतवायचे आणि म्हणायचे, "खुर्चीनं खाल्लं तुमाला, साडभाऊ." त्यात टोमणा आहे का, हे मी पुढचे चार दिवस शोधत बसायचो. तो कधी सापडला नाही.

गोदाबाई नंतर कितीतरी वर्षं सोसायटीच्या कामांवर होती. शेवटी एकदा काही सहीसाठी कार्यालयात आली. उंबऱ्याकडे बघतच तिने विचारलं, "भाऊ हाईत का?" मी तिच्या अगदी समोर उभा होतो. तिला फक्त माझे पाय दिसत होते, आणि मी त्या दिवशी नवे बूट घातले होते.

मागच्या महिन्यात मी साडभाऊंकडे गेलो. माझी बायको आता नाही, मुलं पुण्याला, आणि दिवसभर घरात एका जागी बसवत नाही. ते नव्वदीला टेकले आहेत. म्हणजे वयच तेवढं टेकलं आहे, ते ओसरीवर कुठेही न टेकता बसले होते. अक्का दारात बसून सुपात ज्वारी निवडत होती. मी बसलो तसं त्यांनी नेहमीसारखं, "सरळ बसा, सरळ," म्हटलं. मला होईना. माझी पाठ आता माझं ऐकत नाही. तसाच बसून मी सगळं सांगितलं. राहुटी, चहा, तो शब्द, ओट्यांचा कागद. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. सुपाचा आवाज केव्हा थांबला तेही मला समजलं नाही.

साडभाऊंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "येवढंच व्हय? आवं, मी टिंगलच केलती त्यांची."

"काय?"

"व्हय की. राजावानी पाय सोडून बसलते. म्हनलं, बगावं उचलून. तुमी काई खोटं बोलला न्हाईत. कावून जिवाला लावून घेता? अक्के, च्या टाक पाव्हन्यांला."

मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. पन्नास वर्षं ज्या दगडाखाली होतो तो दगडच नव्हता असं वाटलं. चहा प्यायलो, दोन जुने किस्से झाले, आणि मी निघालो. अक्का रस्त्यापर्यंत सोडायला आली. फाट्यावर एसटी दिसायला लागली तेव्हा मीच म्हणालो, "अक्का, तरी ह्यांनी टिंगल केली हे इतकी वर्षं मला कधी सांगितलं नाही."

"पाव्हनं," ती म्हणाली, "साठ वर्सं झाली मला ह्यांच्या घरात. ह्यांला येती का कुनाची टिंगल करता? टिंगल करायला मानूस जरा तरी वाकडा लागतो."

"मग आत्ता बोलले ते?"

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमी लई वाकून बसलता," ती म्हणाली. "त्यांला बगवलं न्हाई."

एसटी आली आणि मी बसलो. तेव्हापासून हे लिहायचं ठरवत होतो. चेअरमनसाहेब हयात नाहीत, त्यांना आता सांगता येणार नाही. पण ते पोत्याचं वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलं आणि पुढे सांगितलं, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. भरावावर त्या दिवशी टिंगल झाली नाही. तो नमस्कार होता. त्या रांगेत मी होतो, माझ्या पुढचे-मागचे होते, आणि आमच्या सगळ्यांमध्ये खराखुरा नमस्कार तेवढा एकच झाला. मला ते माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

हे छापून आलं की मी त्यांना पाठवणार आहे. ते वाचतील. मान खाली घालून वाचणं त्यांना पटत नाही, म्हणून दोन्ही हात लांब करून कागद डोळ्यांसमोर उंच धरतील, आणि शेवटपर्यंत तसाच धरून ठेवतील. त्या वयात हात लवकर भरून येतात. म्हणून आणखी लांबवत नाही.